जिताड्यांचा श्रावण

श्रावण लागला की मला बर्फातल्या मासळीचा वास येतो. लोकांना पारिजातक आठवतो, झोके आठवतात, ऊनपावसाचा खेळ आठवतो. आठवू दे बापडे. मी शिलाई मशीनवर बसलेली असते, राखीआधीच्या ब्लाउजांचा ढीग पुढ्यात पडलेला असतो, गल्लीत घराघरातून साबुदाणा शिजल्याचा वास येत असतो, अंड्याचं टरफल औषधालाही सापडत नाही, आणि माझ्या नाकात मात्र तो गार, खारट, लोखंडासारखा वास शिरतो. मग सुई बोटात जाते. आज सकाळीच गेली. बोट तोंडात धरून मी आधी मशीनला शिव्या दिल्या, मग श्रावणाला, आणि म्हटलं, लिहून टाकू एकदाचं.

मी तोंडाची फटकळ आहे, हे अगोदरच सांगून ठेवते. सासरी टिकले नाही ती त्याच पायी, असं सासरचे म्हणतात. त्यांना म्हणू दे. तर फटकळपणानंच सांगते की ह्या महिन्याला पवित्र म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या वावरात येऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या हद्दीवरच्या बांधावर, तासभर बसावं. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानावर खंडोबाचा घोडा नावाच्या किड्याची मादी आपल्याच नवऱ्याचं डोकं कुरतडत असते. कोळ्याच्या जाळ्यात माशी अजून पाय हलवत असते आणि तो दुसऱ्या बाजूनं तिला प्यायला लागलेला असतो. बगळा बेडूक गिळतो तेव्हा बेडकाचे पाय बराच वेळ चोचीबाहेर सायकल चालवतात. आणि माणूस पाठीवर पंप बांधून लाखो अळ्यांवर विष मारत तासामागून तास चालतो, आणि संध्याकाळी आंघोळ करून उपास सोडतो. हिरवं जे दिसतं ना, ते सगळं कोणाला तरी खाऊनच हिरवं झालेलं असतं.

आमचं वावर वडनेर भोलजीहून पूर्णा नदीकडं उतरताना, नाल्याच्या पलीकडं. काळी जमीन, बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं अशी, पण खालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, मीठच वर येतं. ह्या पाण्यानं पीक जळतं, जमीन दगड होते, बादल्यांना पांढरी पुटं चढतात. माणसांचंही तेच. आमच्या आईनं जन्मभर हेच पाणी प्यायलं आणि ह्या पाण्यानं तिच्या किडन्या खाल्ल्या. शेवटी तिचे पाय इतके सुजले होते की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. ती गेली आणि तेराव्यानंतर बाबांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. तोवर बाबा बाजारच्या दिवशी मटण आणणारे, गमतीजमतीचे, रागीट गृहस्थ होते. माळ घातल्यावर मटण गेलं, गंमत गेली, राग तेवढा राहिला.

माझा धाकटा भाऊ गोपाल तेव्हा पुण्याकडं एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. पत्र्याच्या वस्तू ठोकायचं काम. एक दिवस मशीन त्याच्या उजव्या हातावर आलं आणि दोन बोटं त्या पत्र्याबरोबर चपटी झाली. कारखान्यानं दवाखान्याचं केलं आणि घरी पाठवून दिलं. वर्षभर तो ओसरीवर बसून राहिला. डवरणीला औताचं रुमणं धरता येईना, पंपाचा दांडा मारता येईना. गावातली माणसं विचारायची, ‘‘काय करून राह्यला बे गोप्या?’’ आणि हा हात खिशात घालायचा. मग कुठल्याशा मोबाइलवरच्या व्हिडिओत त्याला दिसलं की खाऱ्या पाण्यात समुद्रातला जिताडा मासा वाढतो. समुद्र लागतच नाही, खारं पाणी पुरे. ज्या पाण्यानं आईला मारलं त्या पाण्यात काही तरी जगतं, हे ऐकून तो पोरगा उठून उभा राहिला. मला त्या दिवशी रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

बाबांनी पावसाच्या पाण्यासाठी खणलेल्या शेततळ्यात त्यानं प्लास्टिकची नवी पन्नी अंथरली, बोअरचं पाणी सोडलं, आमच्या पाण्यात एका क्षाराची कमी असते म्हणून पोटॅश खताच्या गोण्या ओतल्या. लोक धुऱ्यावर उभे राहून हसले. ‘‘पान्याले खत देऊन राह्यला, पीक कोनतं घेशील रे?’’ ज्येष्ठ संपता संपता दूरच्या किनाऱ्यावरून फुगवलेल्या पिशव्यांतून बी आलं. हो, माशाच्या पिल्लांनाही बीच म्हणतात. बोटाएवढी, राखाडी, आणि डोक्यापासून पाठीकडं जाणारी एक पांढरी रेघ. मोठे झाल्यावर ती पुसट होत जाते, पण लहानपणी ठळक असते. बाबा मुद्दाम बघायला आले नव्हते, तिकडून जात होते म्हणे. पिशवीत वाकून बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘ह्यायनं तं गंध लावेल हाये.’’

जिताड्याबद्दल जे जे कळत गेलं ते मला गावातल्या कुठल्याही भांडणापेक्षा रंगतदार वाटायचं. जन्मतः सगळे नर. चारपाच वर्षं नर म्हणून काढायची आणि अंगानं भरला की त्याचीच मादी व्हायची. गावातल्या बायांना मी हे सांगितलं तेव्हा शेजारची म्हणाली, आपल्याकडं उलटं हवं होतं, थोडी वर्षं तरी आराम. ती मादी समुद्राच्या तोंडाशी अंडी सोडते आणि मागं वळून पाहत नाही. गोड्यात जगतो, खाऱ्यात जगतो, गढुळात जगतो, फक्त थंडी सोसत नाही. आणि तोंड. मिटलेलं असतं तेव्हा साधं दिसतं, उघडलं की त्याच्या निम्म्या अंगाएवढं भाऊबंद आत जातं. जिताडा जिताड्याला खातो. भूक लागली म्हणून खातो, शेजारचा आपल्यापेक्षा बारीक दिसला म्हणूनही खातो. म्हणून त्यांना सारखं निवडत राहावं लागतं, मोठे मोठ्यांत, बारके बारक्यांत. गोपालनं हरभरा चाळायच्या मोठ्या चाळणीच्या तारा वाकवून भोकं रुंद केली होती. चाळणी तळ्याच्या कोपऱ्यात लावलेल्या जाळीत धरायची, बारके खाली जाळीत निसटायचे, मोठे वर राहायचे ते बाहेर तळ्यात. आम्ही जन्मभर डाळी निवडलेली माणसं, त्यामुळं ते काम आम्हाला लगेच जमलं. दर वेळी त्यात थोडे मरायचे, तेवढं गृहीत.

खायला त्यांना मासळीच लागते. वडनेरच्या बाजारात बर्फातली मासळी विकणारे शकीलचाचा आहेत, त्यांचा टेम्पो नाल्यापर्यंत यायचा. विक्रीत न गेलेलं, फुटकं, डोकी, शेपट्या, सगळं ते गोपालला द्यायचे. गोपाल डाव्या हातानं कोयता चालवायचा. मूठभर तुकडे टाकले की पाणी फुटायचं. ‘चप्प’ असा आवाज यायचा, ओल्या कपड्यावर थापी बसल्यासारखा. एक चप्प, मग दहा, मग मोजता येणार नाही इतके. मी माळ घातलेली नसली तरी मासे खाणाऱ्यातली नाही, पण तो आवाज मला आवडायला लागला होता. तळ्याला आमच्याकडं तयं म्हणतात. ‘‘ताई, आज तयं बोललं,’’ असं गोपाल म्हणायचा.

बाबांनी हे सगळं चालू दिलं ते एका अटीवर. सातबारा त्यांच्या नावाचा, शब्दही त्यांचा. ते म्हणाले होते, ‘‘बारा महिने काय करायचं ते कर. पन श्रावनात माह्या वावरात जीवहत्या नाई होनार. ना मासोई कापाची, ना मासोईले मासोई चाराची. झाली तं मी जेसीबी आनून तयं बुजवीन.’’ गोपाल ‘हाव’, म्हणजे हो, म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. त्याचं सगळं त्या पाण्यात होतं आणि बाबा शब्दाचे किती पक्के, हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून पाठीवर ठाऊक होतं.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, ‘‘तुमी फवारनी करता तवा? त्या अळ्यायले काय गुलाबपानी मारता?’’

‘‘अळी येगळी.’’

‘‘काऊन येगळी?’’

‘‘अळी आपलं खाते, म्हनून आपन तिले मारतो. ह्या मासोया आपन पाळल्या. पाळलेल्या जिवाच्या तोंडात रगत काऊन घालाचं?’’

मी पुढचं बोलणार तोच गोपालनं मला दंडाला धरून बाहेर नेलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘‘महिन्याचा तं सवाल हाये ताई. बैलाले ढेप चालते, म्हशीले चालते, ह्यायले काऊन नाई चालनार? सवय लागन.’’ माशांच्या खाद्याच्या विकतच्या गोळ्याही बंद, कारण त्यातही मासळीचाच भुगा. अर्ध्या आषाढातच त्यानं मासळी थोडी थोडी कमी करून बंद केली आणि सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून, बेसन लावून तिच्या गोळ्या वळायला लागला. हे फक्त आम्हीच करू शकतो. चार पायांचं जे काही दावणीला बांधलं त्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या ढेप घातली, ती सगळ्यांना मानवली, तेव्हा समुद्रातून आलेल्या शिकाऱ्यालाही मानवेल, अशी आमची समजूत. चाळणीनं निवडणंही थांबलं, कारण निवडताना हातून एखादा मरतो आणि मेलेला बाबांना दिसला तर संपलंच.

पहिले काही दिवस त्यांनी ढेपेच्या गोळ्या तोंडात घेतल्या आणि थुंकल्या. मग घेणंही बंद केलं. गोळ्या तळाशी जाऊन सडायला लागल्या. पाण्याला आंबूस वास आला. आणि तळं गप्प झालं. चप्प नाही, काही नाही. वरून बघावं तर पाणी साधुसंतासारखं स्थिर, मधूनच एक झपाटा, एक वळसा, आणि पुन्हा स्थिर. बाबा संध्याकाळी बांधावर उभे राहायचे आणि त्यांच्या तोंडावर समाधान दिसायचं. भजनाला जाऊन त्यांनी सांगितलं की आमच्या मासोया श्रावण पाळतात, गंध लावलेल्या आहेत. चार टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. मला हसू आलं, पण टिकलं नाही.

कारण खाली काय चाललं होतं ते मी पाहिलं होतं. उन्हं कलती असली की त्या पाण्यात हातभर खोल दिसतं. एक जिताडा दुसऱ्याच्या मागं लागत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. तो त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो. दोघं शेजारी शेजारी, अगदी भावंडांसारखे. मग एक जण जबडा उघडतो आणि दुसरा आत ओढला जातो, डोक्याकडून, निम्मा. निम्मा बाहेर. बाहेरची शेपटी मारत राहते आणि आतलं डोकं आतल्या आत गुदमरत राहतं. गिळता आलं तर ठीक. बहुतेकदा येत नाही, कारण भुकेनं त्यांना अंदाज राहत नाही, आपल्याएवढ्यालाच गिळायला जातात. मग गिळणारा थुंकूही शकत नाही, त्याच्या घशात दुसऱ्याचे काटे उलटे रुततात, आणि दोघं मिळून मरतात. एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी आलेली अशी जोडी पोट वर करून तरंगते. गिळणाऱ्याच्या कपाळावर पांढरी रेघ, आत गेलेल्याच्या कपाळावरही तीच.

गोपाल उजाडायच्या आत त्या जोड्या जाळीनं काढायचा. कोणाचा डोळा गेलेला, कोणाचे कल्ले फाटलेले, कोणाचं मागचं अंगच नाही आणि तरी जिवंत. जिवंतांना तो परत सोडायचा आणि ते लगेच खाल्ले जायचे. बाबा यायच्या आधी धुऱ्याकडेला खड्डा करून पुरायचा. रोजचा खड्डा कालच्यापेक्षा मोठा. मी म्हटलं, ‘‘गोप्या, मासोई टाक. बाबाले नको सांगू.’’ तो म्हणाला, ‘‘म्या हाव म्हटलं हाये.’’ असल्या सज्जनपणाचा मला मनस्वी संताप येतो. शब्द पाळायचा म्हणून रोज पहाटे प्रेतं पुरायची.

मग पंचमी आली. नागपंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत आणि जमिनीत कुदळ तर मुळीच घालत नाहीत. खाली नाग असेल, त्याला लागेल. गोपाल कारखान्यात राहून आलेला, मोबाइलवर जग बघणारा, पण त्या सकाळी त्यानं फावडं उचललं नाही. हात धजला नाही, असं नंतर म्हणाला. रात्रीतले मेलेले त्यानं बांधाच्या कडेला ओतले, त्यावर ओलं पोतं टाकलं, उद्या पुरू म्हणाला.

आमच्या पूजेचं वारूळ त्याच धुऱ्यावर आहे. बाबा पांढरं धोतर नेसून, हातात दुधाची वाटी घेऊन पुढं, मी लाह्यांचं ताट घेऊन मागं. वारुळाला दूध वाहून बाबा उठले तर दोन कावळे पोत्याचं टोक ओढत होते. बाबा त्यांना हाकलायला गेले. पोतं बाजूला झालं. मी ताट तिथंच खाली ठेवलं.

ते उकिडवे बसले. मग त्यांनी त्यातली एक जोडी हातात घेतली. बाहेरची शेपटी अजून ओलीच होती. बाबांनी ती ओढून काढायचा प्रयत्न केला. बैलाच्या घशात अडकलेलं काढतात तसं हलक्या हातानं, मग जोरानं. शेपटी आली पण डोकं नाही आलं. बाबांच्या बोटांवर रक्त आणि खवले. त्यांनी गोपालला हाक मारली नाही. गुरांच्या कोठ्याच्या कुडात खोचलेला विळा काढला आणि तळ्याकडं निघाले.

त्या दिवशी आमच्या घरात मिरचीलाही पातं लागलं नव्हतं. बाबा बांधाच्या उतारावर बसून खाली सरकले आणि पाण्याखाली हात घालून त्यांनी विळ्यानं पन्नी टरकावली. जाड कापड फाटल्यासारखा आवाज झाला. पाणी पन्नीमागं शिरलं, मातीचा ढपला सुटला, पन्नी पोट फुगल्यासारखी वर आली. दुसरा वार घालायला त्यांनी हात उगारला तेव्हा गोपाल तळ्याकाठच्या शेडमधून धावत आला आणि त्यानं विळा धरला. दांडा नाही, पातं. उजव्या हातानं, उरलेल्या बोटांनी. बाबांनी हिसका मारला. गोपालनं डाव्या हातानं बाबांच्या छातीवर असा तडाखा दिला की ते उताणे कोसळले, धोतर चिखलात, माळ तोंडात गेलेली. बापाला मारलेला तो पहिला हात. मी मध्ये गेले तर बाबांनी मलाच लाथ घातली, बहुतेक दिसलंच नसावं त्यांना.

गोपाल त्यांच्याकडं वळलाही नाही. तो पाण्यात उतरला होता. फाटलेल्या पन्नीची दोन टोकं एकमेकांवर दाबून, अंगानं रेटून उभा राहिला. हातातून रक्त वाहत होतं आणि ते रक्त पाण्यात पसरत होतं. आणि इतके दिवस मुक्यानं एकमेकांना संपवणारं ते तळं बोललं. चप्प. ते त्याच्या हातावर आले होते. जिताड्याला कुत्र्यासारखे सुळे नसतात, जबड्याला आतून कानस असते. एक घास घेतला की कातडी सोलून निघते. पाण्यात हलणाऱ्या त्या आखूड बोटांवर ते तुटून पडले, सुटले, पुन्हा आले.

‘‘हात काढ,’’ बाबा म्हणाले. अजून चिखलातच बसले होते.

‘‘नाई काढत. पानी जाईन.’’

‘‘खाऊन राह्यले ना बे तुले, हात काढ.’’

‘‘खाऊ द्या,’’ गोपाल म्हणाला. ‘‘तीन हप्ते झाले, त्यायले कोनी काई खाऊ घातलं नाई.’’

बाबांनी विळा टाकला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते उठले, धोतर झटकायचंही सुचलं नाही त्यांना, आणि धुऱ्याधुऱ्यानं गावाकडं चालू लागले. वारुळापाशी थांबले नाहीत. दुधाची वाटी तिथंच राहिली.

पंचमी-बिंचमी गेली खड्ड्यात, म्हणून मी स्कूटी काढली. वडनेरला शकीलचाचा रिकाम्या खोक्यांवर पाय सोडून बसले होते, श्रावणात त्यांचा धंदा थंडच असतो. माझ्या साडीवरचा चिखल बघून त्यांनी आधी पाणी दिलं. मी म्हटलं मासळी द्या, जेवढी असेल तेवढी. ‘‘बेटी, तेरे बाबा को मालूम है क्या?’’ मी म्हटलं, ‘‘मालूम है. सबको सब मालूम है. तुम्ही बर्फ फोडा.’’ त्यांनी बर्फ फोडायला घेतला. गोपाल पाण्यात उभाच होता, शेजारच्या वावरातल्या दोघांनी मातीची पोती रचायला घेतली होती. मी बांधावर बसले, मासळी पाटावर घेतली आणि कोयत्यानं तोडायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या डोक्यावर घाव घालताना डोळे मिटले, दुसऱ्याला नाही मिटले. मी मुठीमुठीनं टाकत होते आणि रडत होते आणि तोंडानं बाबांना, गोपालला, त्या कारखान्याला आणि त्या भुकेल्या जबड्यांना एकाच शिवीत गुंडाळत होते.

पाणी निम्मं गेलं, मासे त्याहून जास्त गेले होते. उरले ते गोपालनं जगवले, थंडीत वरून पन्नी पांघरून जगवले. हाताला टाके पडले. बाबांनी जेसीबी आणला नाही. पण शब्दही मागं घेतला नाही. वावर अजून त्यांच्याच नावावर, आणि त्या दिवसापासून त्यांनी वावरात पाऊल टाकलं नाही. गोपाल टिनाच्या शेडमध्येच राहतो. रस्त्यानं कुठलाही जेसीबी खडखडत चालला की तो हातातलं काम थांबवतो आणि आवाज कुठल्या बाजूला वळतो ते ऐकत उभा राहतो. मी रोज बाबांची भाकरी करते, मग गोपालची घेऊन वावरात जाते. दोघंही एकमेकांचं नाव काढत नाहीत, दोघंही मला नीट जेवू देत नाहीत.

कधी कधी मशीन थांबवून मी विचार करते की त्या पंचमीला नेमकं कोण कोणाला खात होतं. बाबा चुकले असं म्हणणं फार सोपं आहे. माणसानं बायको मरताना बघितली, एका महिन्यापुरतं तरी आपल्या जमिनीवर कोणी मरू नये असं त्याला वाटलं. ह्यात वाईट काय आहे? वाईट एवढंच की जमिनीला ते मान्य नव्हतं. मला दयेचा राग येत नाही. दया करणाऱ्यानं समोरच्याला काय लागतं ते विचारलंच नाही, ह्याचा येतो.

ह्या श्रावणात गोपालनं नवं बी सोडलं आहे. मासळी चालू, चाळणी चालू. बाबांना ठाऊक आहे, ते काही बोलत नाहीत, आणि त्यांचं न बोलणं ही धमकी आहे की परवानगी, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. मागच्या आठवड्यात पाऊस असा लागला की नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला. मी वावरात, भाकरी द्यायला आले ती अडकलेच. शकीलचाचांचा टेम्पो पलीकडं. गोपालकडचा साठा सकाळीच संपला होता. दुसऱ्या दिवशीही पाणी उतरेना. गोपाल जाळी घेऊन बांधावर बसला होता आणि त्याचा चेहरा मागच्या वर्षीचा झाला होता. तळं गप्प होतं. मी बाबांना फोन केला, म्हटलं आजही येत नाही, शेजारून जेवण घ्या.

‘‘मासोया?’’ त्यांनी विचारलं. वर्षात पहिल्यांदा.

मी म्हटलं, ‘‘उपाशी हायेत. कालपासून.’’

फोन बंद झाला.

दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा नाल्याकडून एक माणूस येताना दिसला. कंबरेपर्यंत भिजलेला, डोक्यावर गोणी, एका हातानं काठी टेकत. मला आधी शकीलचाचा वाटले. ते बाबा होते. गोणीतला बर्फ वितळत होता आणि त्याचं लालसर पाणी त्यांच्या कपाळावरून, गंधावरून, माळेवरून, पांढऱ्या बंडीवरून खाली ओघळत होतं. त्यांनी माळ काढली नव्हती. धुऱ्यापाशी ते क्षणभर थांबले, मग आत आले, बांध चढले आणि गोणी गोपालच्या पायाशी टाकली. गोपालला उठायचंही भान नव्हतं.

‘‘पाहून काय राह्यला? टाक त्यायले.’’

गोपालनं कोयता घेतला. तुकडे वेडेवाकडे पडत होते. पहिली मूठ पाण्यात गेली आणि पाणी फुटलं. मोठे वर आले, चप्प, चप्प, सगळ्या बाजूंनी. बाबा तोंडावरचं पाणीही न पुसता वाकून बघत होते. मग त्यांनी पलीकडच्या कोपऱ्याकडं बोट केलं, जिथं पाणी नुसतं बारीक बारीक हलत होतं.

‘‘तथी टाक अगोदर,’’ ते म्हणाले. ‘‘बारके तथी हायेत.’’

गोपालनं तिथं टाकलं.